रुसण्याची तालीम

आमच्या दुकानाच्या जिन्याखाली शिलाई मशीन आहे, ती वनमालाबाईंची. माजलगावात अप्पांच्या दुकानातून साडी घेतली की गिऱ्हाईक तिथंच थांबतं. बाई फॉल लावतात, पिको करतात, आणि साडी नेसायला तयार होऊन घरी जाते. त्या जिन्यानं वर गेलं की लग्नाचं कापड, आणि तिथं गादीवर मी. गादीवर म्हणजे मालक म्हणून नव्हे. पांढऱ्या चादरीच्या गादीवर मांडी घालून साड्या उलगडून दाखवणारा तो मी.

उलगडण्यात माझा हात चांगला आहे, हे अप्पाही मान्य करतात. बोलण्याचं मात्र विचारू नये. बाईनं विचारलं, "ही कशी दिसंल मला?" तर मी म्हणतो, "दिसंल." एवढ्या बोलण्यावर आजवर ज्यांनी साड्या घेतल्या त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. अप्पा म्हणजे विरुपाक्षअप्पा, आमचे मालक. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "गहिनीनाथ हाय म्हणून दुकानात पंख्याचा आवाज तरी ऐकू येतो."

वनमालाबाईंचं याच्या बरोबर उलट. मशीनवर साडी आली की त्या आधी तिच्याशी बोलतात, आणि साडीच्या वतीनं उत्तरही त्याच देतात.

"काय गं, कुठं निघालीस?"

"नणंदेच्या घरभरणीला."

"मग तोंड काहून पाडलंस?"

"वर्षातून एकदा कपाटातून काढत्यात, अन् त्या दिवशी बी माझ्यावर वरण सांडत्यात."

समोर स्टुलावर बसलेली बाई हसते. बहुतेक वेळा वरण सांडणारी तीच असते.

बाईंचं माहेर बीडजवळचं पाली. लहानपणी त्या गुरुजींची नक्कल करायच्या, शेजारणीची करायच्या, धरणावर येणाऱ्या साहेबाची करायच्या. वडील म्हणायचे, लग्न झालं की थांबंल. लग्न झालं, आणि त्या माजलगावात कालव्याकाठच्या ऊस पिकवणाऱ्या घरात आल्या. इथं नक्कल करण्यासारखी माणसं माहेरापेक्षा जास्त होती, पण बघायला कुणाला सवड नव्हती. सासू गेली, पोरं मोठी झाली, तेव्हा बाईंनी मशीन घेतली आणि अप्पांकडून जिन्याखालची जागा मागून घेतली.

मग ते प्रशिक्षण झालं. बचत गटाच्या बायकांना 'गिऱ्हाइकाशी कसं बोलावं' हे शिकवायला संभाजीनगरहून एक तरुण आला होता. त्यानं भाषण दिलंच नाही, नुसते खेळ घेतले. कुणी आधी काही लिहून आणायचं नाही, पाठ करायचं नाही. दोघांनी उभं राहायचं आणि जे सुचेल ते नाटक करायचं. याला इम्प्रोव्ह म्हणतात, असं त्यानं सांगितलं. शहरातल्या कंपन्या आपल्या साहेबलोकांनासुद्धा हे खेळ खेळायला लावतात म्हणे. समोरच्याचं नीट ऐकावं, त्याचं बोलणं तोडू नये, चुकलं तर लाजून बसू नये, हे त्यातून अंगी येतं. बाकीच्या बायका पोट धरून हसल्या, जेवल्या आणि घरी गेल्या. वनमालाबाईंनी मात्र ते सोडलं नाही. त्या त्याला आयत्या वेळचं नाटक म्हणू लागल्या. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. लग्नाच्या कापडाच्याही वर मालाची एक खोली आहे, ती त्यांनी सोमवारी दुपारपुरती अप्पांकडे मागितली.

अप्पा म्हणाले, "घे. पर किल्ली गहिनीनाथाजवळ राहील. माल हाय वर."

म्हणजे मी नाटकात आलो तो कुलपामुळं. दार उघडून द्यायचं, कोपऱ्यात बसायचं, संपलं की कुलूप लावायचं, एवढंच माझ्या मनात होतं. चार-सहा जण यायचे. बांगड्या विकणाऱ्या कडूबाई यायच्या, एक कंपाउंडर यायचा, शाळेतल्या एक बाई यायच्या. दोन-तीन सोमवार मी कोपऱ्यात सुखानं बसलो. मग वनमालाबाई ओंजळीत काहीतरी धरल्यासारखं करून माझ्यासमोर आल्या.

"धरा काका. लई जड हाय."

मी त्यांच्या हातांकडं बघितलं. "कुठं काय हाय?"

"पडलं ना आता!" कडूबाई ओरडल्या. "काकाच्या पायावरच पडलं!"

"काय पडलं?"

"ते तुमीच सांगायचं व्हतं की!"

वनमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला नियम समजावून सांगितला. "काका, समोरच्यानं दिलं ते घ्यायचं. न्हाई म्हणायचं न्हाई. घ्यायचं, अन् त्याला आपलं जोडायचं. मी जड म्हणलं, तर तुमी म्हणा, हो, अन् ह्याच्यातून दूध गळतंय. मग मी बघते दूध कशाचं ते."

मला दूध काय, पाणीसुद्धा सुचायचं नाही. शेवटी त्यांनी मला विजेचा खांब केलं. कंपाउंडर वायरमन झाला, माझ्यावर चढल्यासारखं करून गावाला शिव्या देत होता, आणि मी हात पसरून उभा. खांब झकास झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. कामाबद्दल मला तोंडावर मिळालेलं हे पहिलं कौतुक, तेही काहीच न केल्याबद्दल. त्यानंतर मी दगड झालो, विहीर झालो, एकदा झोपलेला माणूस झालो. त्यात मी खरंच झोपलो, आणि तेही लोकांना अभिनय वाटलं.

बाई मात्र काय काय व्हायच्या! म्हैस व्हायच्या, तहसीलदार व्हायच्या, विमान चालवायच्या आणि मधेच खिडकीतून पालीतल्या शेजारणीला हाक मारायच्या. त्यांचे यजमान, हनुमानराव, मोटारसायकल घेऊन खाली रस्त्यावर थांबायचे. ते कधी वर आले नाहीत. बाई खाली उतरल्या की विचारायचे, "झालं का हसून?" बाई म्हणायच्या, "झालं." आणि गाडीवर बसायच्या. एकदा मी धीर करून त्यांना विचारलं होतं, एवढं ऊन, एवढी कामं, तरी सोमवार कधी चुकवत नाही, ते का?

दोऱ्याची रिळं लावता लावता त्या म्हणाल्या, "काका, मी दिवसभर लोकाच्या साडीच्या काठाला फॉल लावते. घरी बी तसंच, सगळ्यांच्या काठाकाठानं चालायचं. मधल्या कापडावर माणसानं कवा जायचं?"

 ते माझ्या लक्षात राहिलं.

ही खोली एका लगीनसराईच्या तोंडावर जायची वेळ आली. अप्पांचा मुलगा सिद्धाराम याला तयार कपड्यांचा विभाग काढायचा होता. त्यानं पुतळे मागवले, आणि पुतळ्यांना वरची खोली पाहिजे म्हणाला. अप्पांनी वनमालाबाईंना बोलावलं.

"बाई, तुमच्या खेळाचा दुकानाला काय उपेग हाय का? आसंल तर सांगा. नसंल तर पोराला खोली देतो."

बाई म्हणाल्या, "भारतला माझ्याकडं सोमवारी पाठवा. अन् बाकीच्यांना बी."

इथं भारतबद्दल सांगायला पाहिजे. भारत आमच्या गादीवरचा तरुण सेल्समन, दिसायला देखणा, जिभेनं तिखट. आणि बस्ता म्हणजे काय, तेही सांगतो. लग्नाचं सगळं कापड, नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत, दोन्हीकडच्या माणसांनी एकाच दिवशी एकत्र बसून घ्यायचं, तो बस्ता. एका बाजूला मुलीकडचे, एका बाजूला मुलाकडचे, मधे साड्यांचा ढीग, आणि ढिगात आम्ही. बस्त्यात कुणीतरी रुसतंच. रुसलेलं माणूस उठलं की त्याची बाजू उठते, मग दुसरीही उठते, आणि सगळं वऱ्हाड रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाऊन बसतं. याला आम्ही 'बस्ता उठला' म्हणतो. आमच्या धंद्यात याहून वाईट शब्द नाहीत. आधीच्या सराईत एका मामांनी साडी उजेडात धरून विचारलं होतं, "ह्याचा रंग उडंल का?" भारत म्हणाला, "मामा, रंग न्हाई उडत, तुमी चष्मा पुसा." बस्ता उठला.

अप्पांनी जरा विचार केला. "ठीक हाय. या सराईत एक बी बस्ता उठला न्हाई, तर सोमवार तुमचा, कायमचा. अन् एक जरी उठला, तर दुसऱ्या दिवशी वर पुतळे."

"चालंल," बाई म्हणाल्या. पण खाली येऊन मशीनवर बसल्या तेव्हा सुईत दोरा जाईना. मी बघत होतो. ओवून द्यावा असं मनात आलं, पण मला त्यांच्यापेक्षा कमी दिसतं.

पुढच्या सोमवारी गादीवरची सगळी माणसं वरच्या खोलीत. भारतनं मला बघितलं आणि म्हणाला, "काका, तुमी बी? ह्या वयात?"

"मी खांब असतो," मी म्हणालो.

बाईंनी पहिला खेळ लावला. दोघांनी मिळून एक वाक्य बोलायचं, एक शब्द एकानं, पुढचा दुसऱ्यानं. माझ्या वाट्याला भारत आला.

मी म्हणालो, "ही."

भारत म्हणाला, "साडी."

मी म्हणालो, "हाय."

"अबे काका! हाय म्हणल्यावर वाक्य खलास की!"

पुन्हा केलं, पुन्हा तिसऱ्या शब्दाला मी वाक्य बंद केलं. भारतचं उलट. त्याला अख्खं वाक्य एकट्यालाच पाहिजे असायचं. त्याचा शब्द झाला की माझा शब्द यायच्या आधी त्याचे आणखी चार यायचे. बाई त्याच्या तोंडासमोर हात धरायच्या. "थांब. काकाचा शब्द येऊ दे. कसा बी येऊ दे." माझ्या शब्दाची वाट बघणं ही भारतला झालेली पहिली शिक्षा. आणि मला वाटतं, त्याच्या सुधारण्यात माझा वाटा एवढाच.

मग बाईंनी आमच्या धंद्याचा खेळ काढला: रुसलेली आत्या. एकानं आत्या व्हायचं आणि सेल्समननं तिला परत गादीवर बसवायचं. आत्या कुणी व्हायचं यावर सगळे सेल्समन एकमेकांकडं बघू लागले. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बोलावं लागत नाही, नुसतं पाठ फिरवून बसायचं, असं सांगून मला फसवलं. बाईंनी एक जुनी साडी माझ्या डोक्यावरून घातली, पदर पुढं ओढला, आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो. खरं सांगायचं तर मला ते जमलं. कुणाशी न बोलता फुगून बसणं, यात मला तालमीची गरजच नव्हती.

भारत माझ्यामागं गुडघ्यावर बसून विनवत होता. "आत्याबाई, अशा काहून बसल्या? दुसरी दाखवू का?" मी गप्प. "चहा आणू का?" मी गप्प. "आत्याबाई, तुमचा राग बरोबर हाय."

तेवढ्यात दारात वहाणा वाजल्या. खालचं शटर अर्धं उघडं बघून एक धोतरवाले आजोबा दुकान चालू आहे समजून थेट वर आले होते. त्यांनी बघितलं: एक बाई पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली आहे, पोरगा हात जोडतो आहे, आणि बाकीचे नुसते बघत उभे आहेत. आमच्याकडं भांडण दिसलं आणि मिटवायला गेला नाही, असा म्हातारा नसतो. आजोबांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याशेजारी मांडी घातली.

"आक्का," ते मला म्हणाले, "मी परका माणूस हाय. पर लग्नकार्यात आसं करू नाई. पोरगं पाया पडतंय. काय पायजे तुमाला, मला सांगा. मी देववतो." मग भारतला दरडावलं, "अबे, चांगली काठाची दाखव की! बारकीसारकी काहून दाखवतो बाईला?"

कडूबाईंनी तोंडात पदर कोंबला. भारत लाल झाला. मी घामानं भिजलो होतो. मला वाटलं, आता पदर काढून सगळं सांगावं. वळलो, आणि पदर घसरला.

आजोबा बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "आक्का," ते म्हणाले, "तुमाला मिशा हायत."

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "हो, अन् शेवटच्या बाळंतपणापासून अशाच वाढायल्यात."

खोली हसून कोसळली. वनमालाबाई तर खाली बसल्या. आजोबा आधी चिडले, मग त्यांनाही हसू आवरेना. कडूबाईंनी त्यांना चहा पाजला, त्यांनी बंद दुकानातून एक धोतरजोडी घेतली, आणि जाताना मला म्हणाले, "येतो आक्का. जपा." त्या रात्री जेवताना मी घरात एकटाच हसलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हणालो, "काही नाही." बायकोशी बोलताना मी अजून पहिल्या सोमवारच्याच इयत्तेत आहे.

सराई सुरू झाली. भारतमध्ये फरक पडला, तो मी शेजारी बसून बघत होतो. कुणी मामा म्हणायचे, "रंग उडंल." भारत म्हणायचा, "उडू शकतो मामा. अन् उडाला तर घेऊन या, मी हितंच हाय." मामा साडी खाली ठेवायचे ती घ्यायच्या ढिगात. तो आता ऐकायचा, थांबायचा. एकदा तर एका आजींचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबला, आणि आमच्या दुकानात आजींचं बोलणं कधी पूर्ण होत नसतं. एकामागून एक बस्ते पार पडले. बाई रोज संध्याकाळी जिन्याखालून वर मान करून विचारायच्या, "बसला?" आम्ही म्हणायचो, "बसला."

शेवटी शेवटी विठ्ठलरावांचा बस्ता आला. विठ्ठलराव गेवराईकडचे, मुलीचे वडील, गावातले पुढारी. एका कानाला सतत फोन. बोलणं गादीवर, लक्ष तालुक्यात. मुलाकडून मुलाचे वडील आणि आत्या, वत्सलाबाई. मुलाची आई त्याच्या लहानपणीच गेलेली, म्हणून आत्यांना पुढं आणलं होतं. पण पुढं आणून मागं बसवलं होतं, खांबाला टेकून. हे मला आधी दिसायला पाहिजे होतं; खांबांचा मला अनुभव आहे.

नवरीनं शालू आधीच ठरवला होता. मुलाला फोटो पाठवला, त्याचा होकार आला, रंग लॅव्हेंडर, म्हणजे फिकट जांभळा. सगळं पटापट चाललं होतं. भारत एकामागून एक मानपानाच्या साड्या टाकत होता. मुलीकडच्यांनी आत्यांसाठी एक साडी काढली. चांगली होती. वत्सलाबाईंनी ती दोन बोटांत धरली.

"ही माझी?"

"हो आत्याबाई," भारत म्हणाला, "अन् आवडली नसंल तर—"

"अशी साडी आमी भांडेवालीला देतो." त्या उठल्या. पाच पावलं चालून जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून वरच्या पायरीवर बसल्या. पदर ओढला.

विठ्ठलरावांनी फोन खाली केला. "अहो, दुसरी दाखवा ना त्यांना!"

मुलाचे वडील म्हणाले, "दुसरीचा प्रश्न नाही. आमच्या माणसाला भांडेवाली म्हणल्यावर—"

"कोण म्हणलं? त्याच म्हणल्या!"

भारतनं तोंड उघडलं आणि बंद केलं.  सगळ्यांच्या मागं अप्पा येऊन उभे राहिले होते, त्यांच्यामागं सिद्धाराम. आणि त्या क्षणी मी जे केलं ते हुशारीनं केलं असं कुणी समजू नये. पाठ फिरवून पदर घेतलेली बाई दिसली, भारत गप्प झालेला दिसला, आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं: आत्या तर मी असतो.

मी मांडीवरची साडी उचलली, डोक्यावरून घेतली आणि जाऊन वत्सलाबाईंच्या शेजारी पायरीवर बसलो. पाठ सगळ्यांकडं.

वत्सलाबाईंनी मान वळवली. "तुमाला काय झालं?"

"मी बी रुसलोय," मी म्हणालो.

कुणीही हसलं नाही. एक क्षण असा गेला की मला वाटलं, उद्यापासून मी घरी. वत्सलाबाईंचा चेहरा रागानं लाल होत चालला होता. "थट्टा करायले माझी? म्हातारं माणूस म्हणून—"

खाली मशीन थांबली. वनमालाबाई तोंडात टाचण्या तशाच धरून जिना चढून आल्या. त्यांनी वत्सलाबाईंकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर खालच्या पायरीवर बसल्या, टाचण्या काढल्या आणि अगदी घरच्या सुनेच्या आवाजात मला म्हणाल्या, "आत्याबाई, असं काय करता? पोराला लहानाचं मोठं केलं तुमी. त्याच्या नवरीचा शालू घ्यायचा, अन् तुमी हितं पायरीवर? कोणता घेऊ, ते तरी सांगा."

आता मी काहीतरी जोडायला पाहिजे होतं. तोंड उघडलं.  तसाच उघड्या तोंडानं बसलो.

"त्यांना काय इचारता?" वत्सलाबाई एकदम म्हणाल्या. "त्यांना काय कळतं? मला इचारा की!"

"तुमी सांगा," वनमालाबाई म्हणाल्या.

"मला इचारलं का कुणी? फोनवर फोटू पाठवला म्हणे पोराला. त्याला अंगडं-टोपडं मी शिवलंय, अन् त्याच्या बायकूचा शालू मोबाइल ठरवणार?"

 साडीचा प्रश्नच नव्हता, हे विठ्ठलरावांच्याही ध्यानात आलं असावं. कारण वाजणारा फोन त्यांनी उचलला नाही. नवरी मुलगी उठली. तिला आम्ही कसलेही खेळ शिकवले नव्हते. ती पायरीशी आली आणि म्हणाली, "आत्या, तुमी निवडा. तोच नेसते."

"कुंकवाच्या रंगाचा," वत्सलाबाई लगेच म्हणाल्या. म्हणजे घरूनच ठरवून आल्या होत्या.

"तोच. अन् मी निवडलेला लॅव्हेंडर तुमी नेसायचा."

"मी? ह्या वयात तसला रंग?"

"मग कोणत्या वयात?"

वत्सलाबाईंनी माझ्याकडं बघितलं, जणू दुसऱ्या आत्याचं मत घ्यायचं होतं. मी पदराआडून म्हणालो, "दिसंल." आणि त्या उठून गादीवर गेल्या. या वेळी मधोमध बसल्या.

बस्ता संपला. वनमालाबाई खाली घाईघाईनं लॅव्हेंडरला फॉल लावत होत्या, कारण आत्यांना तो शालू आजच पाहिजे होता. वऱ्हाड गेलं. दुकान आवरायच्या वेळी अप्पा वर आले आणि बाईंनाही वर बोलावलं.

सिद्धाराम म्हणाला, "अप्पा, त्या उठल्या होत्या. मी डोळ्यानं बघितलं. जिन्यापर्यंत गेल्या."

"त्या उठल्या," बाई म्हणाल्या. "बस्ता बसलेला व्हता."

अप्पांनी दोघांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "गहिनीनाथ, तू सगळ्यांत जवळ व्हतास. खरं सांग. बस्ता उठला का न्हाई?"

खरं काय ते मला एकट्यालाच माहीत होतं. मुलाचे वडील अर्धे उठले होते, त्यांनी एक पाय चपलेत घातला होता. बाकी सगळे पायरीकडं बघत होते; मी पदराआडून चोरून मागं बघितलं तेव्हा मला ते दिसलं होतं. आणि मला खोटं बोलता येत नाही. चांगुलपणामुळं नव्हे. खोटं बोलायला जास्त शब्द लागतात.

"उठला," मी म्हणालो.

सिद्धारामनं मान हलवली. वनमालाबाईंनी खाली बघितलं. हातातली कात्री त्यांनी उगीच उघडली आणि मिटली. मला त्यांचं ते मधलं कापड आठवलं.

"आणि," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघू लागले. पुढं काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं असं नाही. 'आणि' म्हणालो, आणि तिथंच अडकलो. भारतचे ओठ हलत होते, पण तो बोलला नाही. माझ्या शब्दाची वाट बघायची त्याला आता सवय झाली होती. मी पुन्हा म्हणालो, "आणि..."

अप्पांना वाट बघायची सवय नाही.

"आणि काय? आणि परत बसला! बोल की पुढं! आणि आत्याबाई मधोमध बसली, आणि जाताना सगळी माणसं हसत गेली! एवढं बी सांगता येत न्हाई तुला?"

स्वतःचं बोलणं कानावर पडल्यासारखे ते थबकले. सिद्धारामनं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी वनमालाबाई हळूच म्हणाल्या, "अन् अप्पा?"

अप्पांनी सिद्धारामकडं बघितलं. "अन् तुझे पुतळे खालच्या काचेत उभे कर. लोकांना दाखवायला आणलेत का वर उंदरांना?"

सिद्धाराम पाय आपटत खाली गेला. अप्पाही गेले. रस्त्यावर हनुमानरावांच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बाई पिशवी घेऊन जिना उतरता उतरता थांबल्या.

"काका, 'आणि' म्हणून एवढं थांबत्यात व्हय? माझा जीव गेलता."

"हो," मी म्हणालो.

त्या पुढच्या शब्दाची वाट बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग हसल्या आणि गेल्या.